‘अरेस्को’ आणि त्याचे कुटुंब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ‘अरेस्को’ या ग्रीक क्रियापदाचा नेमका अर्थ काय?
उत्तर : आवडणे, रुचणे, संतुष्ट करणे. ज्याला आवडते तो चतुर्थीत येतो, आपल्या ‘मला आवडते’प्रमाणेच.

प्रश्न : त्याची रूपे कशी चालतात?
उत्तर : वर्तमानकाळी ‘अरेस्को’, भविष्यकाळी ‘अरेसो’, साध्या भूतकाळी ‘एरेसा’. ‘स्क’ केवळ वर्तमान अंगात (प्रत्यय लागण्यापूर्वीच्या रूपात) दिसतो, म्हणून इतर रूपे ओळखताना नवशिके चुकतात. उरलेला तक्ता शिक्षकांसमोर बसून पाठ करावा.

प्रश्न : ‘अरेस्को’पासूनचे नाम ‘अरेस्केइया’ म्हणजे नेहमी लांगूलचालनच, असे एका व्याख्यानात ऐकले. मग बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या कलस्सैकरांस पत्रात (१:१०) तो शब्द चांगल्या अर्थाने कसा?
उत्तर : हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि प्रत्येक वेळी मूळ ‘असे ऐकले’ हेच असते. शब्दाची एक वाईट छटा आहे, हे खरे. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने रंगवलेला असा सर्वांची मर्जी राखणारा माणूस लवादात आपल्या पक्षाबरोबर विरुद्ध पक्षालाही खूश करू पाहतो, आणि जेवायला गेल्यावर यजमानाची मुले बोलावून घेऊन एक अंजीर दुसऱ्या अंजिरासारखे दिसते त्याहूनही ती अधिक बापासारखी दिसतात, असे सांगतो. अ‍ॅरिस्टॉटल मात्र इथेही भेद करतो : कोणताही हेतू नसताना सर्वांना गोड वागवणारा तो ‘अरेस्कोस’, लाभासाठी तसे करणारा तो ‘कोलाक्स’, म्हणजे खुशामतखोर. दोघांना एकच मराठी शब्द लावणे ही पहिली चूक. दुसरी अधिक घातक : कोणाला संतुष्ट करायचे, हे न पाहताच शब्दाला दोषी ठरवणे. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो हाच शब्द ईश्वराला संतुष्ट करण्यासाठी आदराने वापरतो, आणि कलस्सैकरांतही संतोष प्रभूचाच आहे. उलट माणसांची मर्जी राखणाऱ्यांसाठी त्याच पत्रात (३:२२) ‘अँथ्रोपारेस्कोस’ हा वेगळा जोडशब्द येतो. क्रियापदही स्वतः निंदक नाही. गलतीकरांस पत्रात (१:१०) माणसांना खूश करणे नाकारणारा पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:३३) आपण सर्वांना सर्व बाबतींत संतुष्ट करतो, असे म्हणतो. तेव्हा आधी संपूर्ण उतारा वाचावा, मगच मोठा ग्रीक शब्दकोश उघडावा.

प्रश्न : ‘मूळ ग्रीक रहस्ये’ शिकवणाऱ्या सशुल्क वर्गात ‘अरेस्को’ हा शब्द ‘अरेते’पासून (सद्गुण) आल्याचे सांगितले. व्याख्यानात वापरू का?
उत्तर : वापरू नका. हा संबंध निश्चित झालेला नाही, आणि व्युत्पत्तीवरून वाक्यातला अर्थ ठरत नाही. रहस्याच्या नावाने पैसे घेणाऱ्यांपेक्षा विद्यापीठातील ग्रीकच्या अध्यापकांना विचारा, आणि तेही व्याख्यान ठरण्यापूर्वी. आदल्या रात्री आलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही.