मोबाइलमधली एमपी३ गाणी कॅसेटवर कशी भरायची?

डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या आणि रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या, मागे 'लाइन इन' (बाहेरचा आवाज आत घेणारी भोकं) असेल तर काम सोपं. एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली केबल घ्या. माइकच्या भोकात खुपसू नका. ते अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, आवाज फाटतोच.

सी-६० कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं, सी-९० ला ४५. सुरुवातीच्या लीडर पट्टीवर (टेपच्या टोकाला जोडलेल्या कोऱ्या प्लास्टिकवर) काहीच उमटत नाही, म्हणून पेन्सिलीने फिरवून तपकिरी टेप दिसली की थांबा. नाहीतर पहिल्या गाण्याचे पाच-सहा सेकंद गेलेच समजा.

रेकॉर्ड आणि पॉज दाबून गाण्याचा सर्वांत जोरकस भाग वाजवा. डेकच्या लेव्हल मीटरचा काटा ० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास पोचेल इतकी लेव्हल ठेवा. कमी ठेवली तर टेपची सळसळ वर येते. फोन एअरप्लेन मोडवर हवा, मेसेजची टिंगसुद्धा टेपवर जाते!

रेकॉर्डचं बटण दबतच नसेल तर कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची चिप तुटलेली असणार. त्या खाचेवर चिकटपट्टी लावा. क्रोम टेपच्या (वेगळ्या लेपाच्या टेपच्या) कॅसेटला शेजारीच आणखी एक खाच असते, ती झाकू नका. बरेच डेक तिच्यावरूनच टेपचा प्रकार ओळखतात.