दोन क्लबांच्या ओढाताणीत सापडलेल्या एका तरुण स्ट्रायकरला

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझ्या बाबांचा फोन आला होता. एरवी दोन वाक्यांत बोलणे आटोपणारे तुझे बाबा अर्धा तास बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सर, आमका ह्यातला काय कळना नाय. तुमीच काय ता सांगा." मी त्यांना फोनवर काहीही सांगितले नाही, कारण कागदावर सही तुझी होणार आहे आणि तुला एकोणीस पूर्ण झाली असल्यामुळे ती कायद्याने तुलाच बांधणार आहे. म्हणून हे पत्र तुला लिहितो आहे. घाईत वाचू नकोस.

गोव्यातल्या त्या दोन्ही क्लबांना मी बऱ्याच वर्षांपासून पाहतो आहे. दोन्ही आज प्रथम विभागात, म्हणजे गोवा प्रोफेशनल लीगच्या एक पायरी खाली खेळतात. दोघांनाही वर चढायचे आहे, आणि दोघांची गावे इतकी लागून आहेत की एकाच्या मैदानावर झालेल्या गोलाची चर्चा त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या तिठ्यावर चालते. अशा शेजाऱ्यांची चुरस मैदानावर पाहायला मला मनापासून आवडते. मात्र तीच चुरस एखाद्या मुलाच्या पडवीत येऊन बसली की त्या मुलाने फार सावध व्हायला हवे.

मंगळवारी एका क्लबाची माणसे येऊन गेली आणि गुरुवारी दुसऱ्याची. कोण काय बोलले ते मी बाबांकडून जमेल तितके शब्दशः काढून घेतले आणि ते ऐकताना एक गोष्ट मला टोचली. पहिल्या क्लबाचे सेक्रेटरी पाऊण तास बसले आणि त्यातला बहुतेक वेळ शेजाऱ्यांविषयी बोलले: त्यांच्याकडे पैसे थकतात, त्यांचा कोच टिकत नाही, त्यांच्या गटबाजीत बाहेरच्या पोराचे हाल होतात. तुझ्या खेळाविषयी ते "पोरगा फास्ट आहे" यापलीकडे काही बोलले नाहीत. गुरुवारच्या मंडळींनीही शेजाऱ्यांचा उद्धार केलाच, परंतु त्यांच्यासोबत आलेल्या कोचने तुला विचारले की डावीकडून क्रॉस येतो तेव्हा तू जवळच्या पोस्टकडे का धावत नाहीस. बाबांना त्या प्रश्नाचा राग आला, पोराची चूक काढली असे त्यांना वाटले. मला मात्र तेवढाच प्रश्न ऐकून बरे वाटले, कारण तो विचारण्यासाठी त्या माणसाने तुला कुठेतरी उभे राहून नव्वद मिनिटे पाहिलेले असणार.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो ते कळण्यासाठी माझी गोष्ट तुला सांगितली पाहिजे. मी ती वर्गात किंवा मैदानावर कधी सांगितलेली नाही. मी वीस वर्षांचा असताना माझ्यासाठीही असेच दोन क्लब वेंगुर्ल्यापर्यंत आले होते. ज्याने जास्त रक्कम सांगितली त्याच्या फॉर्मवर मी त्याच रात्री, कंदिलाच्या उजेडात सही केली. त्या पूर्ण मोसमात मी दोन सामन्यांत बदली म्हणून उतरलो आणि सगळी मिळून पन्नास मिनिटेसुद्धा खेळलो नसेन. संघात माझ्या जागेवर आधीच तीन जण होते, हे मला पहिल्या सरावाच्या दिवशी कळले. मोसम संपताना तिथल्या एका पदाधिकाऱ्याने, मला बरे वाटावे म्हणून, सरळ सांगितले की तू पलीकडे गेला असतास तर आमच्यावर गोल झाले असते, म्हणून तुला घेतले. दुसऱ्या वर्षी मी ना हरकत दाखला मागितला तेव्हा तो आज देतो, उद्या देतो करत नोंदणीची मुदत निघून जाईपर्यंत अडवला गेला. असे दोन मोसम गेले आणि एकविसाव्या वर्षी स्ट्रायकरचे जे पाय असतात ते पुन्हा आले नाहीत. मी शिक्षक झालो, तुम्हा मुलांना शिकवले, त्याचे मला समाधान आहे. पण ते दोन मोसम मला आजही आठवतात.

तेव्हा पहिला प्रश्न हाच धर की हा क्लब मला खेळवण्यासाठी घेतो आहे, की मी समोरून खेळू नये म्हणून घेतो आहे. याचे उत्तर घरच्या बैठकीत मिळणार नाही. त्यासाठी दोन्ही क्लबांच्या सरावाला, न कळवता, आठवड्यातल्या साध्या दिवशी जाऊन बस. संघात नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या, जागेवर किती जण आहेत ते मोज. मधल्या फळीतून चेंडू पायात दिला जातो की गोलकीपर लांब मारतो आणि पुढचा एकटा धावत राहतो, ते पाहा. लांब मारणाऱ्या संघाला उंच, धक्का सोसणारा गडी लागतो आणि तू तसा नाहीस, ही तुझी उणीव नसून तुझ्या खेळाची जात वेगळी आहे. गेल्या वर्षीचा त्यांचा स्ट्रायकर कुठे गेला हे विचार, त्याचा नंबर मिळव आणि त्याला फोन कर. सेक्रेटरी तासाभरात जे सांगणार नाहीत ते तो पाच मिनिटांत सांगेल.

आणि बर्फ कुठून येतो तेही पाहा. आपल्याकडे जेटीवर मासळीच्या क्रेटमधला फोडलेला बर्फ फडक्यात बांधून घोट्याला लावतच आपण सगळे खेळलो, त्या बर्फाला बांगड्याचा वास यायचा आणि तो वास सरावाच्या शर्टाला रात्रभर राहायचा. त्यात लाज नाही. पण पैसे देतो म्हणणाऱ्या क्लबाच्या मैदानाकडेला बर्फाची पेटी, पट्ट्या आणि मुरगळलेला पाय हातात घेऊन पाहणारा एक जाणता माणूस नसेल, तर रकमेचे आकडे कितीही मोठे असले तरी तुझ्या गुडघ्याची त्यांना किती फिकीर आहे ते तुला तिथेच कळेल.

गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या कॅम्प मैदानावर तू केलेला एक गोल माझ्या डोळ्यांसमोर आहे. उजवीकडून चेंडू जमिनीलगत आला, त्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, तो घसरत पुढे जाईल या अंदाजाने वळला, आणि तू मात्र दोन पावले आधीच थांबलास, कारण पेनल्टी बॉक्सच्या कडेला पाणी साचले आहे आणि चेंडू तिथे अडकणार हे तू पाहून ठेवले होतेस. टोचून मारलेला तो चेंडू नुसता गोलरेषा ओलांडण्यापुरताच गेला. लोकांनी तुझ्या पळण्याला टाळ्या दिल्या, परंतु तो गोल थांबण्याचा होता. हे ज्याला दिसते अशा कोचच्या हाताखाली तू दोन वर्षे काढावीस अशी माझी इच्छा आहे.

मोठे नाव की खेळायला मिळणे, असा पेच पडला तर सुनील छेत्रीची सुरुवात आठव. २००२ साली तो मोहन बागानकडे गेला, आणि भारतात त्याहून मोठे नाव फारसे नव्हते. २००५ मध्ये तो पंजाबातल्या जेसीटी क्लबाकडे गेला, तिथे तीन वर्षे राहिला आणि त्याच काळात भारतीय संघाचा स्ट्रायकर म्हणून उभा राहिला. पुढे २००९ मध्ये आपल्या शेजारच्या धेंपो क्लबाने त्याला घेतले आणि त्या मोसमात धेंपोने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, जिंकली.

आता कागदाविषयी. एकेकाळी कोलकात्यात बदलीच्या दिवसांत मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे लोक आपापल्या खेळाडूंना, आयएफएच्या, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या, कचेरीत सही होईपर्यंत, लपवून ठेवत असत. आता नोंदणी भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय प्रणालीवर होते, जिला सगळे सीआरएस म्हणतात, आणि तुझी नोंद तिथे एका वेळी एकाच क्लबाच्या नावावर राहते. आज ती महाराष्ट्रात आहे, म्हणून गोव्यात जाताना ती राज्य बदलून न्यावी लागेल आणि ठरलेल्या मुदतीतच न्यावी लागेल. फिफाच्या नियमांप्रमाणे एका मोसमात फार तर तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते आणि अधिकृत सामने त्यांपैकी दोघांकडूनच खेळता येतात. "नाही पटले तर डिसेंबरात बदलू" असे जो तुला सहज सांगतो आहे, त्याला हे आधी विचार.

तुला हौशी खेळाडू म्हणून नोंदवणार की व्यावसायिक म्हणून, हे स्पष्ट करून घे, कारण खालच्या विभागांत इथेच सगळी गोम असते. लेखी करार असलेला आणि खेळण्यावर होणाऱ्या खर्चाहून अधिक मोबदला घेणारा तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. हौशी राहिलास तर निघणे सोपे, पण तोंडी कबूल केलेले पैसे मागायला हातात काही नसते. व्यावसायिक झालास तर पैसे लेखी येतात आणि मुदतही लेखी येते, म्हणून पहिल्याच वेळी तीन-चार वर्षांना बांधून घेऊ नकोस. माझ्या मते एक मोसम, फार तर दोन. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी होऊ दे, कारण तपासणीत उत्तीर्ण झालास तरच करार खरा, अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही आणि तरीही खालच्या क्लबांच्या मसुद्यांत ती मी पाहिली आहे. गुडघा फाटला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि त्या महिन्यांचे पैसे मिळणार का, याचे उत्तर त्यांच्या तोंडून ऐकून समाधान मानू नकोस. तो मजकूर करारात दाखव म्हण. दोन महिन्यांचे मानधन थकले आणि लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांतही मिळाले नाही, तर फिफाच्या नियमावलीत ते करार सोडण्याचे योग्य कारण मानले आहे. हेही तुला ठाऊक असावे. कोरी जागा असलेल्या पानावर सही करू नकोस, आणि एकाच काळासाठी दोन क्लबांच्या कागदांवर तर कधीच नाही, कारण तिथे दोष खेळाडूवर येतो. मध्ये पडलेले ते सावंतवाडीचे गृहस्थ एजंट म्हणवत असतील तर त्यांना फिफाचा परवाना दाखवायला सांग.

पैशाच्या भरवशावर घरची गणिते मांडू नकोस, असे मी बाबांनाही सांगणार आहे. आमच्या वेळी मुंबईत टाटा, महिंद्र, एअर इंडिया किंवा रेल्वेच्या संघात घेतले म्हणजे बहुधा नोकरी मिळाली, असा अर्थ असे. तो काळ गेला. महिंद्र युनायटेडने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी जेसीटी त्याच्या पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, मिटली. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन मोठे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. एवढ्या ताकदीच्या संस्थांचे हे झाले, तेव्हा एखाद्या गावच्या क्लबाचा देणगीदार पुढच्या वर्षी कंटाळणार नाही असे कोण सांगेल? म्हणून बी.कॉम.चे दुसरे वर्ष सोडायचे नाही आणि परीक्षेच्या दिवसांची मोकळीक आधीच मागून घ्यायची.

बुटांच्या त्या खोक्याविषयी तुझ्या आईने काकीला सांगितले. मंगळवारच्या मंडळींनी जाताना ते देवाच्या कोनाड्याखाली ठेवले आणि तू अजून ते उघडलेले नाहीस, याचा मला फार अभिमान वाटला. ते परत कर. तू पुढे त्यांच्याकडेच गेलास तर तेच बूट सन्मानाने घेशील. गुरुवारच्या लोकांनी "टोकन" म्हणून पुढे केलेले वीस हजार बाबांनी घेतले नाहीत ते योग्यच केले. पावती आणि करार नसताना घेतलेला पैसा उद्या तुझ्याच तोंडावर फेकला जातो.

एक गोष्ट बाबांनी मला सांगितली नाही, पण आईकडून कळली. तुमची काजू बी ज्या व्यापाऱ्याकडे म्हापशाला जाते, ते पहिल्या क्लबाच्या समितीवर आहेत, आणि "आपलं घरचं आहे" असे ते दोनदा म्हणाले. बाबांच्या अर्ध्या तासाच्या फोनमागे हेच होते असे मला वाटते. याबाबत तुला दोष नाही आणि त्यांनाही नाही. काजूचा भाव काजूच्या मोसमात ठरेल. तू कुठे खेळतोस यावर तो ठरवू पाहणारा व्यापारी आपल्याला बदलता येईल, त्याची चौकशी मी बांद्याला दोघांकडे करून ठेवली आहे. तू बाबांशी हे उघड बोल. त्यांना ते स्वतःहून काढता येत नाही आहे.

आणि ज्यांना नाही म्हणायचे त्यांना तू स्वतः जाऊन नाही म्हण. फोन बंद ठेवणे, मामाकडे जाऊन राहणे, मित्राकरवी निरोप देणे, हे काही करू नकोस. पत्रादेवीच्या सीमानाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, माणसे तीच आहेत. जत्रेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, एसटीच्या रांगेत ती तुला आयुष्यभर भेटणार आहेत. ती दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी त्यांना तुझ्याकडून कळू दे. बूटही त्याच वेळी घेऊन जा.

सरावाला दोन्हीकडे या आठवड्यात जाऊन ये. येत्या रविवारी मी घरीच आहे. दोन्ही मसुदे घेऊन सकाळच्या गाडीने ये, बाबांनाही आण. वकिली करणारा माझा एक जुना विद्यार्थी दहा वाजता येणार आहे, तो पान अन् पान वाचेल. जेवायला थांबायचे आहे असे काकीने खास सांगितले आहे.

तुझे,
सर