विंचू एक, उतारे अनेक

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली ‘विंचू चावला’ सादर करणार आहेत. निवेदनात मी ‘रचना : संत एकनाथ’ असे लिहिले. एका सहकारी शिक्षकांनी ते गीत शाहीर साबळे यांचे असल्याचे सांगितले, तर मुख्याध्यापिकाबाईंच्या मते ते लोकगीत आहे आणि लोकगीताला कर्ता नसतो. मोबाइलवर पाच-सहा जणांचे सादरीकरण ऐकले, तर प्रत्येकाचे शब्द निराळे. मूळ कोणते मानावे?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपण लिहिलेले नाव खोडू नये. ‘विंचू चावला वृश्चिक चावला, कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’ असा आरंभ असलेले हे भारूड एकनाथांच्या गाथेत छापलेले आहे, आणि त्याच्या अखेरीस ‘शांत केली जनार्दने’ असे म्हणून नाथांनी देवगिरीच्या आपल्या गुरूंचे, जनार्दनस्वामींचे, नाव गुंफले आहे. म्हणजे रचना सोळाव्या शतकातली ठरते. मात्र मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. विंचू उतरवणारा मांत्रिक, त्याचा अंगारा, चावलेल्या माणसाचा आकांत आणि भोवती जमलेली बघ्यांची गर्दी हे सगळे नाथांच्या आधीपासून गावोगाव चालत आलेले होते. वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे जशी त्यांनी भारुडात घेतली, तसाच हा प्रसंगही घेतला. शब्द नाथांचे, सोंग लोकांचे.

गाथेतला पाठ फार लहान आहे. सावकाश वाचला तरी दोन मिनिटांत संपतो, आणि सादरीकरण मात्र अर्धा-पाऊण तास चालते. हा मधला वेळ कशाने भरतो, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘अगं गं गं’ हा कळवळा आणि ‘देवा रे देवा’ ही आळवणी गाथेत नाही. ती सादर करणाऱ्यांची भर आहे. शेगावची पालखी सोलापुरात मुक्कामाला असताना पाहिलेले एक भारूड मला अजून आठवते. धोतरावरच लुगडे गुंडाळलेला, मिशा तशाच ठेवलेला एक उंच गडी डोक्यावर पदर घेऊन, एक पाय धरून गरागरा फिरत होता. मांत्रिक झालेल्या साथीदाराने हातातला झाडू रोखून विचारले, ‘कुठं चावला गं?’ त्यावर उत्तर आले, ‘मधल्या मारुतीपाशी!’ मंडपात हशा उसळला. हेच भारूड दोन दिवसांनी मंगळवेढ्यात झाले असेल, तर विंचू तिथल्या एखाद्या चौकात चावला असणार. अशी जागोजागची भर घालायला सोंगाड्याला मोकळीक असते, म्हणून कोणतेही दोन प्रयोग जुळत नाहीत.

शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांच्याविषयी आपल्या सहकाऱ्यांचा गैरसमज स्वाभाविक आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रणाने आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने हे भारूड वारीबाहेरच्या, शहरातल्या श्रोत्यांपर्यंत नेले, आणि तेव्हापासून पुष्कळांच्या कानात विंचवाचा ठसका म्हणजे साबळ्यांचा ठसका असे समीकरण बसले. ध्वनिमुद्रणाला मिनिटांची मर्यादा असते. त्यामुळे मधले संवाद आटोपशीर होतात आणि ध्रुवपद ठसठशीत होते. आज स्नेहसंमेलनांतून ऐकू येणारी बरीच सादरीकरणे गाथेपेक्षा या ध्वनिमुद्रणाच्या वळणाने जातात. ‘जय जय महाराष्ट्र माझा’चा कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे आणि आवाज साबळ्यांचा, अशी नोंद चोख सांगता येते, भारुडाच्या चालीबाबत तसा एकच धनी दाखवता येत नाही.

यात एक गंमत आहे. ज्या नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यांनीच त्या पाठात कोणी आपली मराठी ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, असा सज्जड इशारा देऊन ठेवला. ज्ञानेश्वरीच्या शब्दाला इतके जपणाऱ्या माणसाने स्वतःच्या भारुडासाठी मात्र साचाच असा निवडला की त्यात दर पिढीने आपली नरोटी आणून ठेवावी. मला यात विसंगती वाटत नाही. ग्रंथ आणि सोंग यांतला फरक त्यांना पुरता ठाऊक होता.

तेव्हा ‘मूळ’ म्हणून गाथेतला पाठ घ्यावा आणि भर आपली आपण घालावी. माझी हरकत फक्त एका गोष्टीला आहे. अलीकडची कित्येक सादरीकरणे कण्हण्या-विव्हळण्यावर टाळ्या मिळाल्या की तिथेच थांबतात. ‘ह्या विंचवाला उतारा, तमोगुण मागे सारा’ आणि त्यापुढचा सत्त्वगुणाचा अंगारा गाळला, तर विंचू चावलेलाच राहतो आणि नाथांनी ज्यासाठी हा खटाटोप केला तेच सुटते. मुलींकडून त्या ओळी अवश्य म्हणवून घ्याव्यात. ‘किंचित राहिली फुणफुण’ हा शब्दही बदलू नये. ज्याला विंचू चावला आहे, त्याला त्या शब्दाची नेमकी जागा कळते.

प्रश्न : याच भारुडात ‘इंगळी’ येते. ती विंचवाची मादी काय? आणि विंचू चावल्यावर खरोखर घाम येतो का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : मादी नव्हे, मोठ्या काळ्या विंचवाला इंगळी म्हणतात. दिसायला ती भयंकर असली, तरी आपल्याकडे जिवावर बेततो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. त्याच्या दंशाने दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून असे अनेक रुग्ण वाचवले. ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ लिहिणाऱ्याने विंचू चावलेला माणूस जवळून पाहिला असावा, असे मला वाटते. भारुडातला अंगारा भारुडातच ठेवावा, प्रत्यक्षात मात्र थेट दवाखाना गाठावा.

प्रश्न : गाजलेल्या ध्वनिमुद्रणावर मुलांना नाचवून त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली तर चालते का? एकनाथांना होऊन तर चारशे वर्षे झाली.
— एक पालक, बार्शी

उत्तर : नाथांचे शब्द सर्वांचे आहेत, ध्वनिमुद्रण मात्र नाही. त्यावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणून चित्रफीत प्रसिद्ध करायची असल्यास हक्कदारांची परवानगी घ्यावी. त्याहून सोपे म्हणजे ढोलकी आणि टाळ घेऊन मुलांनीच गावे.