आधी बाण काढ

तुझा मेल दोनदा वाचला. चार सॉफ्टवेअरची नावं, तीन विद्यापीठांची, आणि शेवटी ‘सर, बायोमेकॅनिक्समध्ये नक्की काय करू?’ हे तर शरीराच्या हालचालींमागच्या जोरांचं शास्त्र, आणि एवढ्या लांबलचक मजकुरात एकही माणूस चालताना दिसला नाही गं.

कागद घे. एका पायावर उभी असलेली ६० किलोंची बाई काढ आणि कुठला जोर कुठे ओढतो ते दाखवणारे बाण काढ. तो पाय सोडून उरलेलं सगळं वजन, सुमारे ५० किलो, खुब्याच्या सांध्यापासून साधारण १० सेंटीमीटर आतून खाली ओढतं. कंबर कलू नये म्हणून धडपडणारा बाजूचा स्नायू मात्र जेमतेम ५ सेंटीमीटरवरून ओढतो. तरफ निम्मी, म्हणून जोर दुप्पट. दोन्हींची बेरीज सांध्याच्या बोकांडी: जवळजवळ १५० किलो! पाउवेल्स या जर्मन अस्थितज्ज्ञाने हा हिशेब १९३५च्या सुमारास मांडला. कागदावरच.

मला हे तोंडपाठ होतं. २००४मध्ये मी रात्र रात्र जागून कृत्रिम खुब्याच्या संगणकी मॉडेलची मेश, म्हणजे हिशेबासाठी त्याचे तुकडे पाडणारी जाळी, बारीक करत बसायचो. खाली आई काठी टेकत स्वयंपाकघरात जायची. उजवा खुबा दुखरा, आणि काठीही उजव्याच हातात. काठीचं रबरी टोपण एकाच कडेने झिजायचं. दोन वर्षं मी इमानेइतबारे नवीन टोपणं आणत राहिलो. ‘आजी, काठी डाव्या हातात’ हे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने उंबऱ्यातूनच सांगितलं. डाव्या हातातली काठी दुखऱ्या सांध्यापासून अर्धा मीटर लांब टेकते. तिच्यावर टाकलेला एकेक किलो स्नायूची दहा किलोंची ओढ वाचवतो. हेच गणित मी दरवर्षी परीक्षेत घालायचो.

तेव्हापासून बाण काढून दाखवल्याशिवाय मी कुणाला संगणकाला हात लावू दिला नाही. दोघं दुसऱ्या गाइडकडे गेले. हट्टी म्हणाले, म्हणोत. (एकाच्या बाबतीत जरा ताणलंच मी.) पण एकक चुकलेलं मॉडेलसुद्धा लाल-निळं देखणं चित्र देतंच ना? बाण चुकला की तो लगेच डोळ्यात खुपतो.

तेव्हा सॉफ्टवेअरचं नंतर. रविवारी बागेत तासभर बस, फोन पिशवीत ठेवून. काठीवाली दहा माणसं बघ, दहा चित्रं काढ, बाणांसकट, आणि फोटो पाठव. कुणाशी बोलणं झालंच तर काठीचं टोपण उलटं करून बघू दे म्हणावं.