रॅपला खरे संगीत म्हणावे का?

रॅपमध्ये सूर नाही म्हणून ते संगीत नव्हे, हा आक्षेप शास्त्रीय गायक अल्लादियाँ खाँसाहेबांच्या गायकीवर कान घडलेल्या कोल्हापुरात समजण्यासारखा आहे. परंतु याच कोल्हापूरने शाहीर पिराजीराव सरनाईकांचा पोवाडाही डोक्यावर घेतला. डफाच्या थापेवर शाहीर बोलल्यासारखे शब्द झपाझप फेकत जातो, नेमक्या जागी थांबतो आणि झीलकरी (मागे साथ देणारे) ‘जी जी जी’ उचलतात, तेव्हा कोणी सूर मोजत बसत नाही. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उगवलेल्या हिप-हॉपमधील रॅपरही ठेक्याशीच खेळतो, आणि यमक कोणत्या मात्रेवर पाडायचे यातच त्याची तयारी दिसते. पुष्कळसे रॅप सुमार असते, हे मान्य (भावगीतेही असतात). केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरला २०१८ मध्ये पुलित्झर हे मानाचे अमेरिकी पारितोषिक मिळाले, तेही संगीत विभागात.