वाचकांचे प्रश्न: आधी पैसे खात्यात, मग पोस्टर

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही नागपुरातले आठ-दहा जण दर महिन्याला भेटतो, ओपन सोर्सचं (ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरचं) काम करतो, सध्या शाळांच्या वाचनालयासाठी एक सॉफ्टवेअर मराठीत आणून राहिलो. मुली आणि खेड्यातून आलेली मुलं आमच्यात जवळपास नाहीतच, म्हणून त्यांच्यासाठी इंटर्नशिप काढायची आहे, दीड लाख जमतील असं वाटते. पण एक मित्र म्हणतो पैसे कशाला, ओपन सोर्स म्हणजे सेवा, सर्टिफिकेट द्या. आणि फक्त त्यांच्यासाठीच ठेवलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: भाऊ, सर्टिफिकेटवर मेस चालत नाही. मी मेंटर होते तेव्हा वाडीहून एक पोरगी यायची, दुपारी शिकवण्या घ्यायची आणि रात्री अकरानंतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कोड पाठवायची, मे महिना, कूलरच्या घरघरीत कॉलवर तिचं अर्धं बोलणं ऐकूच यायचं नाही. काम मात्र एकदम स्वच्छ. तिला स्टायपेंड कबूल केला होता तो त्या संस्थेने अडीच महिने उशिरा दिला, तोवर तिने आणखी शिकवण्या धरल्या होत्या आणि प्रोजेक्ट सोडला होता. मला ते अजून लागते. सेवा ज्याच्या घरी दोन वेळचं पक्कं आहे तो करू शकतो, म्हणून तर तुमच्या मीटिंगला तेच ते चेहरे दिसतात.

अन्यायाचं म्हणाल तर २००६ चं उदाहरण पहा. गूगल समर ऑफ कोडसाठी (विद्यार्थ्यांना ओपन सोर्सच्या कामाचे पैसे देणारा गूगलचा कार्यक्रम) ग्नोम प्रोजेक्टकडे, म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडे, १८१ अर्ज आले, त्यात बाई एकही नाही. मग त्यांनी त्याच उन्हाळ्यात फक्त स्त्रियांसाठी वेगळी इंटर्नशिप काढली, ३,००० डॉलर स्टायपेंड ठेवला, तर १०० अर्ज आले आणि सहा जणी घेतल्या. म्हणजे पोरी होत्याच, त्यांना कोणी "हे तुझ्यासाठी आहे" असं म्हटलं नव्हतं. पुढे २०१० मध्ये तो कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, त्याचंच आज नाव आउटरीची. आता तो फक्त बायकांपुरता नाही, आपापल्या देशात टेक क्षेत्रात ज्यांना भेदभाव सहन करावा लागतो ते सगळे अर्ज करू शकतात. आपल्याकडे जात, गाव, घरातली पहिली शिकणारी पिढी हे सगळं त्यात येते, तुम्ही पण निकष असेच मोकळे लिहा.

आता खरा मुद्दा. २०१४ मध्ये ग्नोम फाउंडेशनला, म्हणजे ग्नोमचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेला, आपले बाकीचे खर्च काही काळ थांबवावे लागले होते, कारण हा कार्यक्रम वाढला, इंटर्नचे पैसे ठरल्या तारखेला द्यायचे आणि स्पॉन्सरचे मात्र मागून यायचे, मधली सगळी रक्कम फाउंडेशनच्या खिशातून. इंटर्नला थांबवून ठेवलं नाही हे त्यांचं मला फार मोठं वाटते. पण एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत झाली तर तुमच्या "जमतील" वाल्या दीड लाखाचं काय? म्हणून सांगते, पैसे खात्यात आल्याशिवाय पोस्टर छापू नका.

दीड लाखात दोघंच घ्या. महिना २०,००० प्रमाणे तीन महिने, दोघांचे १,२०,०००. उरलेले ३०,००० नेटपॅक, लॅपटॉपची दुरुस्ती आणि अडीअडचणीला. पाच जण घेऊन प्रत्येकाला थोडं थोडं दिलं तर फोटो चांगला येईल, पण त्यातलं कोणीच शिकवणी किंवा दुकानातलं काम सोडू शकणार नाही. आणि निवड मार्कांवर करू नका, आउटरीचीसारखं आधी छोटं काम करायला द्या. फक्त त्यांच्याकडे हा टप्पा महिनाभर चालतो आणि बिनपैशाचा असतो, ते मला पटत नाही, तुम्ही आठवडाभरात उरकेल एवढंच द्या आणि नेटपॅक तेव्हापासूनच द्या.

पैसा कोणाच्या पर्सनल खात्यात ठेवू नका, ओळखीच्या रजिस्टर्ड संस्थेमार्फत फिरवा. परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, जाणार असाल तर त्या संस्थेचा सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा फॉर्म भरलेला लागतो, तो नसेल तर कंपनी पुढे बोलणारच नाही. बाहेरच्या देशातून देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीची सरकारी नोंदणी, लागते, त्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका.

प्रश्न: ताई, मी हिंगणा रोडच्या कॉलेजात थर्ड इयरला आहे. आउटरीचीला अप्लाय करायचं आहे पण बाबा म्हणतात अमेरिकेतून घरबसल्या पैसे म्हणजे फ्रॉडच. काय सांगू त्यांना? – एक वाचक, जयताळा

उत्तर: बाबांची शंका चुकीची नाही गं, फ्रॉड ढिगाने आहेत. पण हे खरं आहे. २०१५ पासून हा कार्यक्रम सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी नावाची अमेरिकन ना-नफा संस्था चालवते. तीन महिने, आठवड्याला ३० तास, ७,००० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने सहा लाखांच्या आसपास, आणि देश पाहून रक्कम कमी करत नाहीत. अर्जाला एक रुपया लागत नाही, कोणी फी मागितली तर तो आउटरीची नाही, लगेच फोन ठेव. आपल्याकडच्या कॉलेजवाल्यांना मे ते ऑगस्टचा राउंड मिळतो, त्याचे अर्ज जानेवारीच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा परीक्षेच्या आणि सुट्टीच्या तारखा कॉलेजकडून आत्ताच घेऊन ठेव, अर्जात त्या तारखा विचारतात. आणि निवड झाली तर बाबांनाच बँकेत सोबत ने, परदेशातून पैसा आला की तिथे पर्पज कोड, म्हणजे पैसा कशासाठी आला त्याचा कोड, विचारतात, करारपत्राची झेरॉक्स जवळ असू दे.