माया लागायला वेळ लागतो
अगं, दत्तक घेतलेलं बाळ घरी आलं तरी प्रेमाऐवजी थकवा आणि धास्तीच वाटतेय, म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. माझे पहिले दोन महिने तसेच गेले. त्यालाही तुझा वास, तुझा आवाज नवीनच आहे. रात्री दचकून रडलं की उचलून घे. ‘सवय लागेल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

दत्तकाची गोष्ट आतापासूनच सांगत जा. त्यात जन्मदात्या आईलाही जागा दे. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला २०१५च्या बाल न्याय कायद्याने फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. माझ्या लेकीच्या आईने ते कसे काढले असतील, हे अजून मनातून जात नाही. सातव्या वर्षी लेकीने विचारलं, “तिला मी आठवत असेन?” मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.